सांधलेल्या रानाचा मागोवा

१९३९ साली जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून जमीन वाचत होते. रान, माळ, शेते आणि वस्त्या जमिनीवरून चालताना एकामागून एक भेटतात. वरून पाहिले की त्यांची परस्परांतली गुंफण एकदम नजरेत भरते. भूगोल आणि परिसरशास्त्र या दोन विद्या एकत्र आणून या गुंफणीचा अभ्यास करावा, असे ट्रोल यांनी मांडले आणि भूदृश्य-परिसरशास्त्राला नाव मिळाले. एखाद्या प्रदेशात काय काय आहे, एवढे पाहून हे शास्त्र थांबत नाही. जे आहे ते कुठे, किती मोठ्या आकारात आणि कोणाच्या शेजारी आहे, हेही ते विचारते. या विचाराचा प्रवास समजून घेण्यासाठी आपण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात जाऊ. गोव्याच्या सीमेला लागून, काळी नदीच्या उगमाभोवती पसरलेल्या या तालुक्यात जमिनीकडे पाहण्याची प्रत्येक शतकाची दृष्टी आपापली खूण ठेवून गेली आहे.

बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये उलथापालथ झाल्यावर संत चन्नबसवण्णा आपल्या अनुयायांसह याच तालुक्यातल्या उळवीच्या रानात आले आणि तिथेच समाधिस्थ झाले, अशी लिंगायत परंपरा आहे. रान तेव्हाही निर्मनुष्य नव्हते. इथले कुणबी पिढ्यान्‌पिढ्या कुमरी करत आले. डोंगरउतारावरचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, एकदोन हंगामांनी तो सोडून पुढे जायचे आणि कैक वर्षांनी रान पुन्हा उभे राहिल्यावर परतायचे, असा तो क्रम होता. त्याच उतारांवर देवाच्या नावाने राखलेल्या रानांना कुऱ्हाड लागत नसे. त्यामुळे वेगवेगळ्या वयाचे रान शेजारीशेजारी नांदत असे. कुमरी निर्दोष होती असे म्हणायचे नाही. माणसे वाढली आणि पडीक ठेवण्याचा काळ आटला की तीच पद्धत जमीन झिजवते. पण रान आणि शेत हा एकाच भूमीचा आळीपाळीने होणारा उपयोग आहे, ही जाण तिच्यात होती.

एकोणिसाव्या शतकात नवी नजर आली. मद्रास इलाख्याचे पहिले वनसंरक्षक ह्यू क्लेगहॉर्न यांना काळीच्या वरच्या खोऱ्यात मौल्यवान सागवान दिसले आणि कुमरी ही त्याची नासाडी वाटली. १८६०च्या सुमारास सरकारी रानात परवानगीवाचून कुमरी करण्यास बंदी झाली. १८६२ मध्ये उत्तर कानडा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड जिल्हा, मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी पक्क्या केल्या. १८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कानडा खंड निघाला. पुढे वनाधिकारी टॅलबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. ज्ञान वाढत होते, त्याच वेळी रान नकाशावर कप्प्यांत विभागले जात होते. त्याच काळात कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरणारा लोहमार्ग घाटातून गेला. सलग रानावर ओढलेली ही एक ठळक रेघ होती. तिचा अर्थ कळायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

स्वातंत्र्यानंतर याच रानावर नवी मागणी आली. १९५५ साली दांडेलीत कागद कारखान्याची स्थापना झाली आणि खोऱ्यातला बांबू त्याचा कच्चा माल ठरला. पुढच्याच वर्षी दांडेली अभयारण्य जाहीर झाले. त्याच १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बांबू झपाट्याने सरू लागला, तेव्हा १९७५च्या सुमारास पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याचा शोध घेतला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण ‘साफ’ करणे वाढीला पोषक आहे, असे वनखाते मानत असे. काटे काढले की कोवळे कोंब गुरे आणि जनावरे फस्त करतात, हे गावकऱ्यांचे म्हणणे होते. गाडगिळांच्या निरीक्षणांनी गावकऱ्यांना खरे ठरवले. इथे आपल्याला एक मोठे वळण दिसते: बांबूचे भवितव्य बांबूच्या बेटाइतकेच शेजारच्या चराईवर आणि गावावर अवलंबून होते.

दरम्यान जगात हा विचार पुढे सरकत होता. १९६७ साली परिसरशास्त्रज्ञ मॅकआर्थर आणि विल्सन यांनी समुद्रातल्या बेटांचा सिद्धांत मांडला: बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या कमी जाती तिथे टिकतात. शेतांनी वेढलेले रानही बेटासारखेच वागते का, हा प्रश्न मग साहजिक होता. १९८६ साली फोरमन आणि गोद्रॉं यांच्या ग्रंथाने भूदृश्याची सोपी भाषा रूढ केली. त्यात तीन मुख्य घटक आहेत: तुकडा, त्याला सांधणारी मार्गिका आणि ज्यात हे सारे वसलेले आहे तो आधारपट. तुकडा लहान झाला की आकाराच्या मानाने त्याचा काठ वाढतो. काठावर ऊन, वारा, वणवा आणि तण आत शिरतात, आणि गाभ्यातच जगणारे जीव हटतात.

त्या ग्रंथानंतरच्या वर्षी, १९८७ मध्ये, जोयड्यात दोन घटना घडल्या. काळीवरचे १०१ मीटर उंच सुपा धरण पूर्ण झाले आणि अणशी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. एकीकडे रान राखले गेले, दुसरीकडे त्याच खोऱ्यात मोठा जलाशय पसरला. वरून पाहणाऱ्याला या दोन बातम्या वेगळ्या नाहीत. तो एकाच भूदृश्यातला फेरबदल आहे.

पुढे रणजित डॅनिएल्स, एन. व्ही. जोशी आणि गाडगीळ यांनी उत्तर कन्नडमधल्या पक्ष्यांचा आणि झाडांचा एकत्र अभ्यास करून १९९२ साली निष्कर्ष मांडले. जिथे झाडांच्या जाती जास्त, तिथे पक्ष्यांच्याही जास्तच असतात असे नाही, हे त्यातून दिसले. म्हणजे सर्वांत ‘श्रीमंत’ तुकडा निवडून बाकीचे सोडून देण्याची रीत अपुरी ठरते. निरनिराळ्या प्रकारची राने आणि त्यांची मांडणी जपावी लागते. २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळीचे नाव मिळाले. २०११ मध्ये शेजारी भीमगड अभयारण्य झाले. २०१८ साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपलेला एक वाघ २०२० मध्ये काळीच्या रानात आढळला. दोनशेहून अधिक किलोमीटरचे ते अंतर त्याने महाराष्ट्रातून कर्नाटकात येत, राने, शेते आणि रस्ते ओलांडून कापले. मार्गिका पुस्तकातून जमिनीवर उतरली ती अशी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे लोहमार्ग दुपदरी करण्यास वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली, आणि त्या जुन्या रेघेचा हिशेब अखेर मांडला गेला.

या वाटचालीतून जमीन-व्यवस्थापनाला मिळणारा धडा स्पष्ट आहे. रस्ता, वीजवाहिनी किंवा खाण यांना किती हेक्टर लागतील, एवढा प्रश्न पुरत नाही. त्या कोणत्या दोन रानांची ताटातूट करतील, हे आधी पाहिले पाहिजे. मार्गिका गावांच्या शेतांतून आणि गवळीवाड्यांच्या कुरणांतून जातात, म्हणून तिथल्या माणसांना वगळून त्या टिकणार नाहीत. या माणसांचे हक्कही राज्याच्या सीमेवर तुटतात: गोव्यातल्या कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेअलीकडच्या जोयड्यातल्या त्यांच्या भाऊबंदांनी तीच मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. राज्यांची सीमा वाघाला अडवत नाही, मग धोरणांनाही ती अडवता कामा नये. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या चांदोलीपासून काळीपर्यंतच्या रानाची एकच योजना करावी, आणि तिच्या पहिल्या बैठकीत त्या वाटेवरच्या ग्रामसभांना बोलवावे.