विहारयात्रा

मन शिणले की गाडी काढायची आणि वाट फुटेल तिकडे निघायचे, ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. नालासोपारा पश्चिमेकडून निर्मळ, भुईगाव, गिरीज अशी वळणे घेत समुद्राच्या दिशेने सरकत राहिले की इमारतींची रांग मध्येच कुठेतरी विरते आणि केळीच्या बागा, पानवेली, बावखले सुरू होतात. अशाच एका निरुद्देश फेरीत सोपारे गाव लागले आणि ध्यानात आले, की या अशा भटकण्याविषयी एका राजाचे मत बावीसशे वर्षांपूर्वी याच मातीत दगडावर कोरून ठेवलेले होते.

हा राजा अर्थात अशोक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. गावकरी त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. तिथे एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, तांब्यापासून सोन्यापर्यंत, आणि त्यांचीच चर्चा अधिक झाली. मला मात्र त्याच वर्षी गावातल्या एका तळ्याजवळ सापडलेला फुटका दगड अधिक बोलका वाटतो. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तो अंश होता. भगवानलाल मूळचे जुनागढचे; गिरनारचा शिलालेख ज्याच्या परसात, अशा गावात त्यांचे बालपण गेले. गिरनारच्या खडकावर आठवा लेख सलग वाचता येतो. लहानपणापासून ओळखीची असलेली ती अक्षरे सोपाऱ्याच्या मातीत पुन्हा भेटली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. (पुढे 1956 साली भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. चौदा लेखांच्या मालिकेतले महाराष्ट्रात आढळलेले अंश एवढेच.)

आठव्या लेखाचा विषयच मुळी प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत. त्यात मृगया आणि तत्सम करमणुकी असत, असे अशोक सांगतो. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे त्याचे म्हणणे. ‘संबोधी’चा अर्थ काहींनी ज्ञानप्राप्ती असा लावला होता, आता बहुतेक अभ्यासक तो बोधगया या स्थळाचा निर्देश मानतात. म्हणजे हा बदल एखाद्या तत्त्वचर्चेतून नव्हे, तर प्रत्यक्ष केलेल्या एका प्रवासातून घडला.

इथे ‘विहार’ शब्दाची गंमत नोंदवलीच पाहिजे. मूळ अर्थ मनास येईल तसे फिरणे, रमणे. पुढे तोच शब्द भिक्षूंच्या निवासाला लागला. फिरण्याचा शब्द मुक्कामाचा झाला.

धम्मयात्रेत काय करायचे याची यादीही लेखात आहे: ब्राह्मण-श्रमणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना सुवर्णदान, जनपदातल्या लोकांचे दर्शन, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे. ‘जनपद’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ उभी राहते. अशोकाच्या वाक्यात हिरवळ नाही, माणसे आहेत. आणि या भेटींतून होणारा आनंद आधीच्या आनंदाहून मोठा, असे तो स्पष्ट म्हणतो. आनंद त्याज्य ठरवत नाही. त्याची जागा बदलतो. या लेखाला निव्वळ नीतिपाठ म्हणून शिकवणाऱ्यांच्या हातून नेमका हा भाग निसटतो, असे मला वाटते.

अर्थात भाबडेपणाने वाचायचेही कारण नाही. तिसऱ्या लेखात याच राजाने अधिकाऱ्यांना दर पाच वर्षांनी दौऱ्यावर निघण्याची आज्ञा केली आहे. राजा लोकांना ‘पाहतो’ तेव्हा लोकही नजरेखाली येतात. धम्मयात्रा ही भेट होती तशी पाहणीही होती. शिकारीला आलेला राजा निदान लवकर निघून जात असेल, असा विचार एखाद्या जनपदवासीयाच्या मनात आला असल्यास त्याची नोंद करायला त्याच्यापाशी खडक नव्हता.

आमची आजची फेरी यांपैकी कशात बसते? शिकार नाही, दान नाही, देखरेख नाही. काचा वर करून आपण कुणाच्यातरी वाडीकडे ‘निसर्ग’ म्हणून पाहतो. हा हिरवा पट्टा आपोआप उरलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीतली असंख्य माणसे त्यासाठी रस्त्यावर उतरली होती. 2009 साली महानगरपालिका स्थापन झाल्यावर गावे तिच्यात असावीत की नसावीत, यावरूनही मोठा संघर्ष झाला. गाडीच्या काचेतून यातले काहीच दिसत नाही.

त्या दिवशी भुईगावच्या अलीकडे एका बावखलाशी मी थांबलो. पानवेलीच्या वाडीतून एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. त्यांनी विचारले, “कुणाकडे आलात?”

“कुणाकडे नाही, आजोबा. सहज फिरत होतो.”

“सहज?” ते म्हणाले, आणि गाडी जरा बाजूला घ्यायला सांगितली, त्यांचा टेम्पो बाहेर काढायचा होता.