फळ्यापासून विवरापर्यंत

मेहकरहून मालेगावच्या दिशेने निघालेल्या वाटसरूला बुलढाणा जिल्ह्याची हद्द ओलांडण्यापूर्वी डोणगाव लागते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. वऱ्हाडातील काळ्या मातीचे आणि कोरडवाहू शेतीचे हे गाव. ते आज आम्हांला आठवले ते एका साध्या प्रश्नामुळे. अशा गावातील शाळेने सहल काढायची ठरविली, तर ती कोठे जावी? मुंबईचा समुद्र दाखवावा, की एखाद्या जलक्रीडा उद्यानात मुलांना दिवसभर भिजू द्यावे? बहुतेक शाळांचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. परंतु डोणगावच्या मुलांना एसटीने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर, शेजारच्याच तालुक्यात, लोणारचे विवर आहे. जगभरचे भूवैज्ञानिक ते पाहण्यासाठी समुद्र ओलांडून येतात.

लोणारचा इतिहास हाच मुळी प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा इतिहास आहे. लोकपरंपरेने या खोलगट जागेचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला. लोणार गावातील दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्या कथेची साक्ष देत उभे आहे. अकबराच्या काळी सिद्ध झालेल्या ‘ऐन-ए-अकबरी’ने या परिसराची नोंद घेतली, तीही व्यवहारी नजरेने. काच आणि साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात, असे त्या ग्रंथाने नमूद केले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची माहिती पाश्चात्त्य जगाला दिली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासकांनी हे ज्वालामुखीचे मुख असावे, असा निष्कर्ष काढला. चोहोबाजूंना लाव्हारसाचाच काळा खडक पसरलेला असताना असा तर्क होणे स्वाभाविक होते. पुस्तकांतही तसेच छापले गेले.

हे मत बदलले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळाशी छिद्रे पाडून खडकांचे नमुने बाहेर काढले. त्या नमुन्यांत त्यांना प्रचंड आघाताने भरडलेला खडक आणि काचेसारखी झालेली खनिजे आढळली. ज्वालामुखीतून असे खडक निघत नाहीत. आकाशातून अतिवेगाने येऊन आदळलेल्या अशनीच्या धक्क्यानेच ते घडू शकतात. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. चंद्रावरील विवरेही अशाच काळ्या खडकात पडलेली असल्यामुळे लोणारला विज्ञानाच्या जगात वेगळेच महत्त्व आले. वयाच्या बाबतीतही तेच घडले. पूर्वी हे विवर सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचे मानले जात असे. अलीकडच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे दाखवून दिले आहे. २०२० सालच्या जून महिन्यात तळ्याचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव त्याला कारणीभूत असल्याचे तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारची गणना जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजेच रामसर स्थळांत झाली.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, येथे पुस्तकाची चूक पायांनी सुधारली. कोणीतरी उठून तेथे गेले, खाली उतरले, दगड हाती घेतला आणि मग पुस्तक बदलले. मुलांना सहलीत शिकवायचे ते हेच.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा हा विचार आपल्या मातीला परका नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज यांच्याशी प्रत्येक विषय जोडून शिकवावा, असे या पद्धतीचे सूत्र होते. आपल्या शिक्षकांच्या पिढीने त्याला ‘समवाय’ असे अर्थपूर्ण नाव दिले. सूत कातताना गणित शिकावे आणि कापूस पाहताना भूगोल शिकावा, अशी ती दृष्टी. वर्धाही विदर्भातले आणि डोणगावही विदर्भातले.

वसईच्या वाचकांना याहूनही जवळचे उदाहरण सांगता येईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे ध्यानी येताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. या ‘कुरणशाळे’त गवत, पाखरे, दगड आणि ओढा हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मुलांच्या रोजच्या जगाला तेथे पुस्तकाइतकाच मान मिळाला.

आपल्या ख्रिस्ती परंपरेनेही या कामी आपला वाटा उचलला आहे आणि त्याचा विसर पडता कामा नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आलेले स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली तेथे भारतीय इतिहासाची संशोधन संस्था स्थापन केली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नाणी, शिल्पे आणि हस्तलिखिते विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर असली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. गोव्याच्या कदंब राजवंशाचा इतिहास लिहिणारे जॉर्ज मोराइस हे त्यांचेच शिष्य. त्याच महाविद्यालयातील फादर सांतापाव हे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खंडाळ्याचे डोंगर तुडवीत राहिले. १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. खंडाळ्याला हवा खायला जाणाऱ्यांची मुंबईत कधीच वाण नव्हती. सांतापाव मात्र तेथून प्रत्येक खेपेला काहीतरी नवे जाणून परतत.

एवढी परंपरा पाठीशी असताना आमच्या शाळांची सहल करमणुकीपुरती का उरली? एक कारण परीक्षेचे आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ या नावाचा आहे. क्षेत्रभेटीसाठी कोणते साहित्य घ्यावे, प्रश्नावली कशी करावी, अहवाल कसा लिहावा, हे त्यात सांगितले आहे. त्या पाठाची प्रश्नोत्तरे पाठ करून गुण मिळविणारी आणि शाळेच्या फाटकाबाहेर एकदाही क्षेत्रभेटीस न गेलेली मुले आपल्याच घरांत आढळतील. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची शिफारस केली आहे. ते दिवसही नुसते दप्तर घरी ठेवून जातील काय, ही शंका रास्त आहे.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ती भीती निराधार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. त्या घरांचे दुःख कोणत्याही नियमाने भरून येणारे नाही. म्हणून नियोजन म्हणजे बसची नोंदणी आणि वर्गणीची यादी, एवढ्यावर थांबता येत नाही. शिक्षकाने स्थळ आधी स्वतः पाहिले पाहिजे. पाणी कोठे खोल आहे, उतार कोठे निसरडा आहे, जवळचे आरोग्य केंद्र कोणते, किती मुलांमागे एक मोठे माणूस असेल, हे ठरल्याशिवाय निघू नये. लोणारच्या विवराची उतरण तीव्र आहे आणि तो परिसर अभयारण्य आहे. तेथे वनखात्याचे नियम पाळणे हाही एक धडाच होय.

तर मग डोणगावहून निघणारी अशी सहल आपण मनाशी आखून पाहू. निघण्यापूर्वी आठवडाभर वर्गात तयारी व्हावी. विज्ञानाच्या तासाला आम्ल व अल्कली हे प्रकरण घ्यावे, म्हणजे तळ्याच्या पाण्यात लिटमसचा कागद बुडविताना मुलांना काय शोधायचे ते कळेल. ‘ऐन-ए-अकबरी’ने साबणाचा उल्लेख का केला, याचे उत्तरही त्याच कागदावर उमटेल. गणिताच्या तासाला वर्तुळाचा परीघ शिकवावा. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे परीघ साडेपाच किलोमीटरांहून थोडा अधिक. फळ्यावर काढलेले हे उत्तर कडेकडेने चालून पावलांनी ताडून पाहावे. पाय दुखले की ‘पाय’ची किंमत कायमची लक्षात राहते!

इतिहासासाठी दुसरा दिवस, दुसरी वाट. डोणगावचा रस्ता पश्चिमेकडे मेहकरवरून सिंदखेडराजाला जातो. मेहकर पैनगंगेच्या काठी वसलेले असून मोगल काळात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ते ठाणे होते. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. तेथे लखुजी जाधवरावांचा वाडा आणि त्यांची समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात लखुजींची हत्या झाली, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या समाधीसमोर उभे राहून मुलीने ‘जिजाऊंना ही बातमी कशी कळली असेल?’ असे विचारणे वेगळे. आता समृद्धी महामार्ग याच तालुक्यांतून गेला आहे. त्यावरून धावणाऱ्या मोटारींना हे काहीच दिसत नाही.

परतल्यावरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि तेच हमखास राहून जाते. प्रत्येक मुलाने पाहिलेली एक गोष्ट आणि न उलगडलेला एक प्रश्न लिहून आणावा. ते प्रश्न फळ्यावर मांडून पुढचे धडे त्यांच्या आधाराने शिकवावेत. असे झाले तर सहल आणि वर्ग यांचा समवाय साधला, असे म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दूरच्या सहलीची वर्गणी शेतमजुराच्या घराला परवडत नाही. त्या घरातील मूल ‘मला यायचे नाही’ असे सांगून मोकळे होते आणि आम्ही ते खरे मानतो. वर्गातील ४० मुलांपैकी २५ जणांनाच जाता येत असेल, तर ती शाळेची सहल म्हणता येणार नाही. जवळचे स्थळ, एसटीचे तिकीट आणि घरची भाकरी एवढ्यात भागणारी सहल सर्वांची होते. ज्या धर्मग्रामांनी शाळा चालविल्या आहेत, त्यांनी तरी हा हिशेब प्रथम मांडावा.

आपल्याला यात्रा ठाऊक आहे. यात्रेला निघण्यापूर्वी मनाची तयारी असते, वाटेत सोबत असते आणि परतल्यावर घरच्यांना देण्यासाठी काहीतरी आणलेले असते. शैक्षणिक सहलीलाही नेमके हेच तीन टप्पे हवेत. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना शिकविले ते बहुधा चालता चालता. पेरणारा शेतकरी, अंजिराचे झाड, आकाशातील पाखरे, रानातील फुले यांच्याकडे बोट दाखवून त्याने स्वर्गराज्याची रहस्ये उलगडली. त्याचे श्रोते गालीलातील साधी खेडवळ माणसे होती आणि तो ज्याकडे बोट दाखवी ते सारे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते. डोणगावच्या मुलांच्या पायांखालीही एक अद्भुत भूमी आहे. ती दाखविणारे बोट मात्र आम्हां वडीलधाऱ्यांचे असले पाहिजे.