‘गेंजेर’ : एका पाणवनस्पतीच्या लोकनामाचा इतिहास

वनस्पतींची लोकनामे ही इतिहासाची साधने ठरू शकतात काय, या प्रश्नाचा विचार करताना जावा बेटातील ‘गेंजेर’ या नावाचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. दलदलीत व भातखाचरांत वाढणारी ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून जावात ती बाहेरून आली. लिनीअसने १७५३ मध्ये तिला ‘अलिस्मा फ्लावुम’ असे नाव दिले. १८६८ मध्ये बुखनाऊ याने ते बदलून ‘लिम्नोकॅरिस फ्लावा’ असे केले व तेच आज रूढ आहे. ग्रीक भाषेत ‘लिम्ने’ म्हणजे तळे वा दलदल आणि ‘खारिस’ म्हणजे शोभा. लॅटिन ‘फ्लावा’ म्हणजे पिवळी. शास्त्रज्ञांच्या नजरेत तिची पिवळी फुले भरली, हे या नामकरणावरून उघड आहे.

लोकांची दृष्टी मात्र निराळी होती. सिंहली भाषेत तिला ‘दिय गोवा’, म्हणजे पाण्यातील कोबी, म्हणतात. जावातही तिची कोवळी पाने व कळ्या भाजीसाठी वापरतात. पेरणी व मशागत यांवाचून उगवणारी ही भाजी साहजिकच गरिबांच्या ताटातील ठरली.

जपानी अंमलाखाली अन्नटंचाई असता, १९४२ मध्ये पूर्व जावातील बान्युवांगी येथील संगीतकार मुहंमद आरिफ यांनी ‘गेंजेर-गेंजेर’ हे गीत रचले. खाचरातून भाजी खुडून, विकून, शिजवून खाण्याचे साधे वर्णन त्यात आहे. १९६० नंतर बिंग स्लामेत व लिलिस सुर्यानी यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ते देशभर पोहोचले आणि कम्युनिस्टांच्या सभांतही गाइले जाऊ लागले.

१ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे सहा सेनापती व एक लेफ्टनंट यांची हत्या झाली. लष्कराच्या नियंत्रणाखालील वृत्तपत्रांनी कम्युनिस्ट चळवळीशी निगडित स्त्रियांवर मृतांच्या विटंबनेचा आरोप केला, आणि त्या प्रसंगी हेच गीत गाइले गेले अशी कथा रूढ झाली. वस्तुतः शवचिकित्सेच्या अहवालांत अवयवच्छेदाचा पुरावा नव्हता. बेनेडिक्ट अँडरसन यांनी हे अहवाल १९८७ मध्ये प्रकाशात आणले. तत्पूर्वीच्या हत्याकांडात सुमारे ५ लाख वा त्याहून अधिक माणसे मारली गेली होती. स्वतः आरिफही त्या काळात अटकेत पडले, ते परतले नाहीत. सुहार्तो यांच्या राजवटीत, म्हणजे १९९८ पर्यंत, हे गीत निषिद्धच राहिले.

भाजी मात्र निषिद्ध झाली नाही; ती बाजारात येतच राहिली. ज्या नावाने ती विकली जाई, तेच नाव सुरात उच्चारणे तेवढे धोक्याचे ठरले. शास्त्रीय नावात या घडामोडींची खूण नाही, कारण त्याचा अर्थ स्थिर राहावा हाच त्याचा हेतू असतो. लोकनाम मात्र वापरणाऱ्यांच्या भुकेचा, गाण्याचा व भीतीचा संस्कार घेत जाते. म्हणून कोशात केवळ ‘एक खाद्य पाणवनस्पती’ एवढाच अर्थ नोंदला गेल्यास, शब्द टिकूनही त्याचा इतिहास हरवतो.