निळ्या पडद्याचा इतिहास



घरांतील संगणक चालतां चालतां एकाएकीं थांबावा, सारा पडदा निळा व्हावा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत कांहीं दुर्बोध शब्द उमटावेत, हा अनुभव केवळ शहरवासियांचाच आहे असें नाहीं. शहापूर तालुक्यांतील सापगावासारख्या गांवींही संगणक पोंचला आणि त्याच्या पाठोपाठ हें संकटही पोंचलें. चार दिवसांनीं तोच प्रकार पुन्हां घडला, कीं यंत्र बिघडलें असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. परंतु निळा पडदा हा रोग नव्हे. रोग्यानें शुद्ध हरपण्यापूर्वीं दिलेला तो जबाब होय. त्याच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पुऱ्या झालेल्या ‘टिफरॅक’ या संगणकांत सुमारें २७०० निर्वात नलिका होत्या. अशा यंत्रांत निकामी नलिका शोधून ती बदलणें हा दोषनिवारणाचा एक नित्याचा मार्ग असे. पुढें संगणक मेजावर मावण्याइतका लहान झाला, त्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांतून येऊं लागले आणि पुष्कळसे दोष डोळ्यांना दिसेनासे झाले. तेव्हां दोषाची खूण यंत्रानेंच सांगावी, अशी योजना करणें प्राप्त झालें.

१९९३ सालीं मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज एनटी’ ही प्रणाली निघाली. तिचा निळा पडदा जॉन व्हर्ट या कार्यक्रमकारानें रचला. तो ज्या संगणकावर काम करी त्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पांढरीं अक्षरें दिसत. म्हणून तोच रंग येथेंही आला. रंग असा योगायोगाचा असला तरी थांबणें हेतुपुरस्सर होतें. प्रणालीच्या गाभ्यालाच आपल्या स्मृतींतील मजकूर भ्रष्ट झाल्याचें आढळलें, तर तो तबकडीवर उतरून सारीं दप्तरें नासण्यापेक्षां काम तेथल्या तेथें थांबविणें बरें, हा त्यामागील विचार.

२० एप्रिल १९९८ रोजीं शिकागोच्या प्रदर्शनांत, प्रत्यक्ष बिल गेट्स यांच्यासमक्ष, ‘विंडोज ९८’ला स्कॅनर जोडतांच असाच निळा पडदा झळकला. १९ जुलै २०२४ रोजीं तर क्राउडस्ट्राइक या संरक्षक कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष फायलीमुळें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक कोसळले. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेलीं प्रवेशपत्रें द्यावीं लागलीं. उपाय मात्र साधा होता: संगणक ‘सेफ मोड’मध्यें सुरू करून ती एक फाईल काढून टाकावयाची. कोणताही सुटा भाग बदलावा लागला नाहीं.

आतां सापगावांतील एखाद्या घराकडे वळूं. त्या संगणकांत मुलीचें महाविद्यालयीन लेखन आहे, दुकानाचा हिशेब आहे. म्हणून यंत्र चालू झाल्याबरोबर प्रथम त्याची दुसरी प्रत करून ठेवावी. मग पडद्यावरील ‘स्टॉप कोड’ वहींत लिहावा आणि पडदा येण्यापूर्वीं कोणता नवा भाग, ड्रायव्हर वा कार्यक्रम बसविला होता, तें आठवावें. कोड दर वेळीं तोच असेल, तर बहुधा एखाद्या ड्रायव्हराकडे बोट जातें. दर वेळीं निराळा असेल, तर स्मृतिपट्टी, उष्णता व वीज यांचा संशय घ्यावा. पंख्यांतील धूळ झाडावी. विंडोजमध्येंच असलेली स्मृतीची चाचणी रात्रीं लावून ठेवावी. जेथें वीज अवचित जाते तेथें तबकडीवरील फायलीही तपासाव्यात. मुख्य नियम एवढाच, कीं एका वेळीं एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर दोष गेला तरी तो कशानें गेला हें कळत नाहीं.

२०२५ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ मध्यें हा पडदा काळा केला. रंग गेला, जबाब राहिला. तो न वाचतां यंत्र पुन्हां पुन्हां सुरू करीत राहणें म्हणजे साक्षीदार बोलत असतां न्यायाधीशानें उठून जाणें होय.