डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला? आधी हवा मोजा, मगच रीसेट करा

धार/देवास : हिवाळा सुरू झाला की माळव्यात सकाळी गाडी चालू करताच डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दिसू लागतो. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. हा टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिमचा, म्हणजे टीपीएमएसचा इशारा. अनेक जण 'थंडीमुळे लागला असेल' म्हणून तसेच निघतात, तर काही जण बटण दाबून दिवा घालवतात. या दोन्ही सवयी घाटात महागात पडू शकतात.

पवारांच्या या दोन जुन्या संस्थानांतली मराठी घरं लग्नकार्याला, सुट्टीला धुळे, नाशिक, पुण्याकडे जातात ती आग्रा-मुंबई महामार्गानेच. वाटेत मानपूरच्या पुढे अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला गणपती घाट आणि सेंधव्यानंतर बिजासन घाट लागतो. पाच माणसं, डिकीत सामान आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर टायरच्या बाजू जास्त वाकतात आणि आतून तापतात. असा टायर वेगात फुटण्याचा धोका वाढतो.

दिवा कसा लागतो, ते आधी बघा

दिवा लागून तसाच राहिला, तर एक किंवा अधिक टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी चालू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेतच असतो. सेन्सरची बॅटरी संपलेली असते किंवा बिनसेन्सरचं चाक लावलेलं असतं. अशा वेळी टायर कमी हवेवर असला तरी यंत्रणा सांगेलच असं नाही, म्हणून हवा हाताने मोजावीच लागते.

तुमच्या गाडीत कोणती यंत्रणा?

डायरेक्ट प्रकारात प्रत्येक चाकात, बहुधा व्हॉल्व्हलाच जोडलेला सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर तुमची यंत्रणा ही. सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते आणि ती संपली की सहसा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

इनडायरेक्ट प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर हा फरक पकडतात. पण थंडीने चारही टायरची हवा सारखीच उतरली, तर फरक पडत नाही आणि दिवा लागेलच याची खात्री नसते. म्हणजे अशा गाडीत दिवा बंद असणं म्हणजे हवा बरोबर असणं नव्हे.

थंडीचा हिशोब

तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंशांवर ३३ पीएसआय भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे ८ अंशांवर सुमारे साडेतीन पीएसआयने उतरते. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला १ पीएसआयच्या आसपास हवा आपोआप जाते. तीन महिने हवा बघितलीच नसेल, तर ३३ चे २६-२७ होतात आणि दिवा लागतो.

काय करायचं?

१. गाडी निदान तीन तास उभी असताना, टायर थंड असताना, चारही चाकं आणि स्टेपनी मोजा. स्वतःचं गेज जवळ असलेलं बरं.

२. किती हवा भरायची, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, तो भरू नका.

३. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. लांब चालवून आल्यावर तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा काढू नका.

४. एकाच चाकाची हवा पुन्हा पुन्हा उतरत असेल तर पंक्चर शोधा. साबणाचं पाणी टायरवर, व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला लावा, बुडबुडे आले की जागा सापडली. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिममधूनही हवा जाते.

५. पंक्चरवाल्याला टायर उतरवण्याआधीच सांगा, 'भैया, व्हॉल्व्ह में सेंसर है.' नाहीतर पट्टीच्या झटक्याने सेन्सर तुटतो.

६. चारही चाकं नीट झाल्यावरच रीसेट करा, बटणाने किंवा स्क्रीनवरच्या मेनूतून. इनडायरेक्ट यंत्रणा रीसेटच्या वेळचा दाबच बरोबर धरते. कमी हवेवर रीसेट केलं, तर तीच कमी हवा तिला योग्य वाटू लागते. डायरेक्ट यंत्रणेचा दिवा बहुधा थोडं चालवल्यावर आपोआप विझतो.

स्टेपनी नसलेल्या गाड्या

केंद्र सरकारच्या २०२० च्या नियमबदलानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्ती किट असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. अशा गाडीत दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर रात्री घाटात हाताशी दुसरं चाक नसतं. किटमधल्या द्रवाने टायरच्या पृष्ठभागावरचं लहान भोक बुजतं, बाजूने फाटलेला टायर नाही.

वाटेत दिवा लागला तर?

जोरात ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी थांबा आणि चारही टायर बघा. टायर बसलेला दिसला तर तिथेच चाक बदला किंवा मदत बोलवा. बसलेला नसेल तर कमी वेगाने जवळच्या पंपापर्यंत जा. घाट समोर असेल तर हवा मोजूनच उतरायला लागा.