वृद्धत्वजन्य श्रवणऱ्हास आणि श्रवणयंत्राची निवड

वृद्धत्वजन्य श्रवणऱ्हास म्हणजे वाढत्या वयाबरोबर दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता हळूहळू कमी होणे. अंतर्कर्णातील ध्वनिग्राहक केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यामुळे हा दोष औषधाने बरा होत नाही. श्रवणयंत्र हा त्यावरील मुख्य उपाय आहे.

या ऱ्हासात उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम हरवतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, च, फ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘सात’ व ‘साठ’ यांत गल्लत होते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही वृद्धांची नेहमीची तक्रार यातूनच उद्भवते. मोठ्याने ओरडल्याने ती दूर होत नाही.

== तपासणी ==
कानातील मळ किंवा पडद्याचे छिद्र यांमुळेही कमी ऐकू येते. म्हणून प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक असते. अचानक किंवा एकाच कानाने ऐकू येईनासे झाल्यास विलंब न करता वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ प्रत्येक कानाचा श्रवणालेख काढतो. बाजारात आयते मिळणारे ध्वनिवर्धक सर्वच आवाज सारखे वाढवते, तर अंकीय श्रवणयंत्र या आलेखानुसार हव्या त्या कंप्रताच वाढवते.

== निवड ==
कानामागे बसणारे यंत्र मध्यम ते तीव्र ऱ्हासात उपयोगी पडते आणि हाताळण्यास सोपे असते. कानाच्या आत बसणारे यंत्र दिसत नाही. मात्र त्याची घटमाला (बॅटरी) अतिशय लहान असल्याने बोटे थरथरणाऱ्या किंवा दृष्टी मंदावलेल्या व्यक्तीस ती बदलता येत नाही. दिसू नये म्हणून घेतलेली अशी यंत्रे पुष्कळदा पेटीतच राहतात. खिशात ठेवण्याचे यंत्र स्वस्त व मोठ्या कळांचे असते, परंतु त्यात कपड्यांची घासघासही ऐकू येते. दोन्ही कानांना यंत्र लावल्यास ध्वनीची दिशा चांगली कळते.

== महाराष्ट्रातील उपलब्धता ==
वांद्रे (मुंबई) येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील प्रमुख केंद्र आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (२०१७) अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना शिबिरांद्वारे यंत्रे दिली जातात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींस एकदाच ३,००० रुपये मिळतात. अंकीय यंत्रासाठी ही रक्कम सहसा अपुरी पडते.

यंत्र मिळाल्यावरही ते कानाशी जुळवून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा श्रवणतज्ज्ञाकडे जावे लागते. पालघर जिल्ह्यातील गंजाड (ता. डहाणू) सारख्या गावातून वांद्र्याला जायचे तर आधी डहाणू रोड स्थानक गाठून पुढे शंभर किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी यंत्राच्या वैशिष्ट्यांपेक्षा दुरुस्ती कोठे होते आणि घटमाला जवळ मिळते का, हे आधी विचारणे उपयुक्त ठरते. किनारपट्टीच्या दमट हवेत यंत्र रात्री घटमाला काढून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवतात.