डापा-एचएफ चाचणी

डापा-एचएफ ही डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाचा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना उपयोग होतो का, हे तपासणारी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय चाचणी होय. तिचे नेतृत्व ग्लासगो विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ जॉन मॅकमरे यांनी केले. तिचे निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिस येथील युरोपीय हृदयरोग परिषदेत मांडण्यात आले. मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही या औषधाचा लाभ होतो, हे या चाचणीने दाखवून दिले.

पार्श्वभूमी

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. या विकारात हृदयाला शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे धाप लागणे, पायांवर सूज येणे व थकवा ही लक्षणे दिसतात.

रोझिग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधामुळे हृदयविकाराचा धोका वाढत असावा, अशी शंका २००७ मध्ये उपस्थित झाली. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेहावरील नव्या औषधांची हृदयाच्या दृष्टीने सुरक्षितता सिद्ध करणे बंधनकारक केले. त्यानुसार झालेल्या एम्पा-रेग आउटकम या चाचणीत (२०१५) अनपेक्षित निष्कर्ष हाती आला. एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांमध्ये हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी आढळले.

औषधाचे कार्य

मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर एसजीएलटी-२ या प्रथिनामार्फत पुन्हा रक्तात शोषली जाते. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे या प्रथिनाला रोखतात. परिणामी साखर आणि काही प्रमाणात सोडियम लघवीवाटे बाहेर पडते. या गटाचे मूळ फ्लोरिझिन या पदार्थात आहे. तो १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा करण्यात आला होता.

चाचणीची रचना

भारतासह २० देशांतील ४१० केंद्रांवर ४,७४४ रुग्णांची निवड झाली. सर्वांचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे प्रत्येक ठोक्यागणिक डाव्या जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ४० टक्के किंवा त्याहून कमी होते. निम्म्याहून अधिक रुग्णांना मधुमेह नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडून एका गटास रोज १० मिलिग्रॅम डापाग्लिफ्लोझिन, तर दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्प्रभावी गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना व डॉक्टरांना ठाऊक नव्हते. हार्ट फेल्युअरवरील प्रचलित उपचार दोन्ही गटांत सुरूच होते.

निष्कर्ष

पाठपुराव्याचा मध्यक काळ १८.२ महिने होता. या काळात हार्ट फेल्युअर बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे, यांपैकी एखादी घटना औषध घेणाऱ्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात २१.२ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडली. सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ११.६ व १३.९ टक्के होते. मधुमेह असलेल्या व नसलेल्या रुग्णांमध्ये लाभ जवळपास सारखाच होता. त्यामुळे रक्तातील साखर घटणे हे या लाभाचे मुख्य कारण नसावे, असे मानले जाते.

रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकार दोन्ही गटांत अत्यल्प होते. कीटोॲसिडोसिस ही गंभीर गुंतागुंत औषध घेणाऱ्या गटातील तीन रुग्णांत आढळली. त्या तिघांनाही मधुमेह होता.

परिणाम

मे २०२० मध्ये अमेरिकेत या वापरास मान्यता मिळाली. त्याच वर्षी एम्पेरर-रिड्यूस्ड चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनचाही तसाच उपयोग दिसून आला. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत या दोन्ही औषधांचा मूलभूत उपचारांत समावेश झाला. पुढे डिलिव्हर चाचणीने (२०२२) इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्क्यांहून अधिक असलेल्या रुग्णांनाही डापाग्लिफ्लोझिनचा उपयोग होतो, असे दाखवले. भारतात २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यानंतर अनेक कंपन्यांनी स्वस्त गोळ्या बाजारात आणल्या.